उसनं बाळ

तिला वस्तीत सगळे काटेवाली म्हणायचे. खांद्यावरच्या पिशवीत बाळांना झोळीत घालून जोखायचा वजनकाटा असायचा म्हणून, आणि जीभही तशीच होती म्हणून. आरोग्य केंद्रातली ही नर्स केंद्रात कमी आणि लोकांच्या स्वयंपाकघरात जास्त सापडायची. घरात शिरली की आधी जमिनीवर फतकल मारून बसायची, पाणी मागायची, आणि ते संपेपर्यंत एक प्रश्न विचारायची नाही. केंद्रातले हसायचे, ही काय तहान भागवायला हिंडते का म्हणून. हसोत बापडे. पाणी पिता पिता शेगडी पेटली आहे की नाही, भांड्यात काय उरलंय, घरात कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं तिला दिसायचं. विचारून कधी कुणी सांगतं होय?

लाँड्रीमागच्या बोळात एक शिवणवाली राहायची. नवरा बेकरीत रात्रपाळीला, घरात सासू, आणि चार महिन्यांची मुलगी, जिचं वजन काही केल्या वाढेना. मागच्या खेपेला काटेवालीबरोबर तिच्या वरिष्ठ मॅडम आल्या होत्या. त्या बसल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "पुढच्या वेळी वजन वाढलेलं दिसलं नाही तर बाळाला तुमच्याकडून काढून सरकारी संस्थेत ठेवावं लागेल." बोलल्या आणि निघून गेल्या. मागे त्या घराचं काय झालं असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पुढच्या खेपेला काटेवाली एकटीच गेली. घर लख्ख आवरलेलं. सासूने न मागता पाणी दिलं आणि न सांगता बाळ आणून झोळीत ठेवलं. टोपडं पार डोळ्यांपर्यंत ओढलेलं. काटा असा झपकन खाली गेला की काटेवाली बघतच राहिली. गाल गुबगुबीत, मनगटांना वळ्या. तेवढ्यात बाळाने धार सोडली, ती वर उडून थेट काटेवालीच्या कपाळावर.

तिने सावकाश तोंड पुसलं. "आजी, महिन्याभरात मुलीचा मुलगा झाला. औषध कुठलं दिलंत, मलाही सांगा."

सासू जमिनीकडे बघायला लागली. शिवणवालीला मात्र रडू फुटलं. "शेजारचा आहे ताई. माझी त्यांच्याकडे ठेवलीय. तुम्ही नेणार म्हणून..."

आता खरं तर काटेवालीला राग यायला हवा होता. आलाही, पण या घराचा नाही. मॅडमचा आला, आणि त्या दिवशी मॅडमच्या शेजारी तोंडाला कुलूप लावून उभ्या राहिलेल्या स्वतःचा त्याहून जास्त आला.

"जा, तुझी घेऊन ये," ती म्हणाली. "आज काटा पिशवीत. मी नुसती बसणार."

बसली ती चांगली दुपार कलेपर्यंत. मुलगी रडली तरी शिवणवालीचा पाय मशीनवरून निघत नव्हता, कारण संध्याकाळी माल न्यायला माणूस यायचा. मग सासू बाटली लावायची, आणि डबा जास्त दिवस चालावा म्हणून दुधाची पावडर निम्मीच घालायची. शिवणवाली सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची, तेही उभ्या उभ्या. यात वाईट कोणीच नव्हतं. तिघं मरमर मरत होती आणि चौथी उपाशी राहत होती.

"आजी, मशीन येतं का तुम्हाला?"

"हिला शिकवलं कुणी मग?" सासू फणकारली.

"मग झालं तर. पोरगी रडली की हिने उठायचं आणि तुम्ही बसायचं. आधी अंगावर पाजायचं. बाटली लागलीच तर डब्यावर लिहिलीय तेवढी पावडर, चिमूटभरही कमी नाही. डबा संपला तर केंद्रात या, मी बघते काय ते." मग ती कोपऱ्यातल्या पांघरुणाकडे वळली. "आणि तू रे, उठलास की आधी बायकोला गरम वाढायचं. झोपेचं सोंग मला कळतं."

पांघरुणातून "हो ताई" असं आलं.

काटेवालीने केंद्रात जाऊन झालं ते सगळं सांगितलं, तसा मॅडमचा पारा चढला. "दुसऱ्याचं बाळ दाखवलं? सरळ फसवणूक आहे ही. अहवालात हेळसांड म्हणून लिहा आणि द्या पाठवून."

"नाही लिहिणार."

"नोकरी करायची आहे ना तुम्हाला?"

"करायची आहे, म्हणूनच नाही लिहिणार. आपलं पोर जाईल या धास्तीने ज्यांनी शेजारचं पोर उसनं आणलं, त्यांना पोराची पर्वा नाही असं मी लिहू? भीती आपण घातली मॅडम. त्यांनी खोटं केलं ते त्या भीतीपायी."

"मग तीन आठवड्यांनी मीच येते. आणि काटा मी धरणार."

"या की. पण बसायला या."

तीन आठवड्यांनी मॅडमना आणि काटेवालीला घेऊन बोळात गाडी थांबली. मुलीला उचलून सासू शेजारणीकडे निघालीच होती. शेजारीणही आपला गुबगुबीत गडी काखोटीला मारून हजर. "लागला तर घ्या," ती हळूच म्हणाली. "या वेळी लंगोट घट्ट बांधलाय."

शिवणवालीने दोघींकडे पाहिलं. मशीनवरून उठली, सासूच्या हातातून मुलगी घेतली आणि मॅडमपुढे जाऊन उभी राहिली. "हीच माझी. अजून हडकुळी आहे, मला दिसतंय. मागे भ्याले म्हणून लपवली. आज नाही लपवणार. करा वजन."

मॅडमनी झोळी अडकवली. वजन वाढलं होतं, पण हवं तिथवर पोचलं नव्हतं.

"कमीच आहे," मॅडम म्हणाल्या.

"कमी आहे, पण चढतंय," काटेवाली म्हणाली. "चढत्या पोराला घरातून उचलायचं असेल तर आधी मला कामावरून काढा. आत्ता, हिच्यासमोर."

आणि ती दारातच फतकल मारून बसली. दार अरुंद होतं. तिला ओलांडल्याशिवाय कुणाला बाहेर पडता आलं नसतं.

झोळीत मुलगी रडायला लागली. शिवणवालीने मॅडमना न विचारता तिला काढून घेतलं आणि भिंतीशी बसून पाजायला लागली. सासू गुपचूप मशीनवर जाऊन बसली. नवरा ताट घेऊन आला, मॅडमना बघून जरा अडखळला, पण ताट बायकोपुढेच ठेवलं.

"बसा हो मॅडम," सासू मशीन न थांबवता म्हणाली. "सावकाश पिते ती."

मॅडम बसल्या. नवऱ्याने त्यांना पाणी दिलं. मुलगी पिते कशी, आई जेवते कशी, ते त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात परत जोखू. तोवर राहू दे इथे."

शिवणवालीने मान वर केली. "तोवर नाही मॅडम. ती इथेच राहणार आहे."

मॅडमनी हातातलं पाणी संपवलं आणि काटा परत काटेवालीच्या पिशवीत ठेवला.