ओलेत्यातला हलवा

शनिवार पेठेतल्या मथुराबाईंनी जन्मात एकच गोष्ट उत्तम केली, ती म्हणजे संक्रांतीचा हलवा. बाकी त्यांच्या पोळ्या कडेला जळत, वरणात डाळ शोधावी लागे, आणि जेवणाऱ्याने दुसऱ्यांदा काही मागू नये अशा चेहऱ्याने त्या वाढत. यजमान दिगंबरपंत दफ्तरात कारकून होते. सवाई माधवरावांच्या अमदानीत पुण्यात कारकुनांना तोटा नव्हता. त्यामुळे हळदीकुंकवाला गेल्या की मथुराबाईंची जागा उंबऱ्याजवळ, इतर कारकुनांच्या बायकांत, चपलांच्या वासात. यजमानीणबाईंच्या शेजारचा पाट सावकारांच्या, सरदारांच्या बायकांसाठी. मथुराबाईंना आयुष्यात दुसरे काही नको होते. तो पाट हवा होता.

पौष लागला की त्या शेगडीत मंद निखारे घालून बसत. पितळी परातीत तीळ, शेजारी साखरेचा पाक. पळीने पाकाचा थेंब सोडायचा, बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचे, थेंब वाळला की पुढचा. असे दिवसच्या दिवस केले की तिळावर साखर चढते आणि तिला बारीक टोकदार काटे फुटतात. मथुराबाईंच्या हलव्याचा काटा जिभेला टोचे. बाजारातल्या हलव्याचे नाव काढले की त्या म्हणत, "तो का हलवा? खडे आहेत ते. पागोळ्यांखाली घाला, चिखल तरी होणार नाही."

त्या वर्षी यज्ञेश्वरपंत सावकारांकडे सुनेची पहिली संक्रांत होती. नव्या सुनेला काळे लुगडे नेसवून हलव्याचे दागिने घालायचे: गळ्यात हार, हातात वाक्या, कपाळावर बिंदी. दागिने करणारीला त्या दिवशी पहिले हळदीकुंकू, आणि अर्थातच तो पाट. सावकारीणबाईंनी ते काम मथुराबाईंना सांगितले. शेजारच्या मुक्ताबाईंना वाटले होते आपल्याला सांगतील. मुक्ताबाई हौदावर पाणी भरताना नुसते एवढेच म्हणाल्या, "काटा छान येतो हो मथुराबाईंचा. आता त्या सोवळ्याचा मुकटा कितीदा धुतात, ते देवाला ठाऊक. आमच्याकडे बाई ओलेत्याशिवाय शेगडीला हात लावत नाहीत."

हे साफ खोटे होते. मुक्ताबाईसुद्धा हलवा कोरड्या रेशमी मुकट्यातच करत. पण बोलणे सावकारांकडे पोचले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडची सरुबाई दारात उभी राहिली.

"बाईसाहेबांनी इचारलंय, हलवा वलेत्यानं करताय न्हवं?"

"विचारायचं काय त्यात?" मथुराबाई म्हणाल्या. "आमच्या घरात दुसरी रीतच नाही म्हणावं."

झाले. तीस वर्षे कोरड्या मुकट्यात हलवा केलेली बाई पौषातल्या थंडीत भिजलेले लुगडे नेसून शेगडीपुढे बसली. दात वाजत होते. पदराचे पाणी कोपरावरून मनगटावर, मनगटावरून परातीत. लुगडे निखाऱ्यांच्या उबेने वाळू लागे, आणि वाळले म्हणजे ओलेते कसले? म्हणून सून श्यामला तांब्या घेऊन मागे उभी. मथुराबाईंनी मान हलवली की तिने पाठीवर पाणी ओतायचे.

श्यामला हुशार होती अशातला भाग नाही. दुपारी वामकुक्षी मिळावी एवढीच तिची या जगाकडून अपेक्षा होती. पण डोळे होते तिला.

"सासूबाई, काटा येत नाहीये."

"तू बघतेस म्हणून."

"पाणी पडतंय परातीत. साखर विरघळतेय."

"माहेरी हलवा करायचे का तुझ्या?"

"नाही."

"मग ओत पाणी."

श्यामलाने वाद न घालता ओतले. तेवढाच वेळ तिला कमी उभे राहावे लागणार होते.

तीळ साखर पीत गेले, फुगले, आणि वाटाण्यासारखे गोल, गुळगुळीत झाले. मथुराबाईंना दिसत नव्हते असे नाही. उठून कोरडा मुकटा नेसला असता, तर अजून वेळ होता. दार आतून लावता आले असते, कोणाला कळलेही नसते. पण श्यामलाला कळले असते, आणि ज्या सुनेला आपण रोज सोवळे शिकवतो तिच्यासमोर लुगडे बदलणे मथुराबाईंना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी मान हलवली. पाठीवर पाणी पडले.

खरी अडचण दागिने गुंफताना आली. हलव्याचा दाणा दोऱ्यात बांधतात तो काट्यांच्या भरवशावर. काटे दोरा धरून ठेवतात. हे दाणे दोऱ्यातून निसटून स्वयंपाकघरभर पळू लागले. मथुराबाईंनी दोरा आवळला, गाठीवर गाठ मारली, वरून पाकाचे बोट फिरवले आणि दागिने एकदाचे सावकारांकडे पोचवले.

संक्रांतीच्या दुपारी सावकारांच्या माजघरात पेठेतल्या बायका दाटीने बसल्या होत्या. मथुराबाई सावकारीणबाईंच्या शेजारी, पाटावर. त्या पाठ इतकी ताठ ठेवून बसल्या होत्या की पाटालाच अवघडल्यासारखे व्हावे. काळ्या लुगड्यातली नवी सून आली, नमस्काराला वाकली, आणि गळ्यातल्या हाराचा पहिला दाणा टपकला. मग दुसरा. ती घाबरून सरळ झाली तशी वाकी सुटली, आणि दाणे फरशीवर टणटण उड्या मारत थेट उंबऱ्याकडे, कारकुनांच्या बायकांपर्यंत गेले. कोणीतरी पदराआड हसले. सावकारीणबाईंचा चेहरा त्यांच्या सुनेच्या लुगड्यासारखा झाला.

पाट सुटेल या भीतीने मथुराबाईंची जीभ सुटली.

"पडू द्या! पडायलाच हवा. ओलेत्यातला हलवा आहे हा, त्याला काटा नसतो. काटा बाजारच्या हलव्याला. सुनेच्या अंगावरून जेवढे दाणे उतरतील तेवढी लक्ष्मी घरात उतरते. बघता काय बायांनो, वेचा!"

असे कोणी कधी ऐकले नव्हते. पण सावकारीणबाईंपुढे दोनच वाटा होत्या: सुनेचे दागिने फसले म्हणायचे, नाहीतर लक्ष्मी उतरली म्हणायचे. त्या पाटावरून उठल्या आणि स्वतः वाकून एक दाणा उचलला. सावकारीणबाई वाकल्यावर कोण वाकणार नाही? भरजरी शालू नेसलेल्या बायका गुडघ्यांवर येऊन फरशीवर हलवा शोधू लागल्या. मघाशी हसलेली बाई सगळ्यांत पुढे होती.

मुक्ताबाईंनी एक दाणा वेचला, बोटांत फिरवला, आणि मथुराबाईंकडे पाहिले. हलवा करणारीला काय झाले असेल ते कळायला वेळ लागत नाही. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "मथुराबाई, तुम्ही आता दरवर्षी असाच करा हो. काट्याचं आम्ही बघू. आम्ही काय, साध्या बायका."

"हो, हो," सावकारीणबाई म्हणाल्या. "मथुराबाईंनी आता दुसरा करायचाच नाही."

पुढच्या पौषात निम्मी शनिवार पेठ ओलेत्याने कुडकुडत शेगडीपाशी बसली आणि गुळगुळीत हलवा करू लागली. मथुराबाईंचा पाट कायम झाला. कुठेही हळदीकुंकू असो, तो त्यांचा. त्याच्या बदल्यात दर संक्रांतीला त्या भिजत, शिंकत, वाटाणे वळत.

काही वर्षांनी मुक्ताबाईंनी नातीच्या बोरन्हाणाचा वाटीभर हलवा पाठवला. मथुराबाई तेव्हा परातीपुढेच होत्या. त्यांनी एक दाणा उजेडात धरला, जिभेवर फिरवला.

"कच्चा आहे काटा. घाई करते, पहिल्यापासून."

"मग पक्का कसा असतो, सासूबाई?" श्यामलाने विचारले. तिची मुलगी आता लग्नाची झाली होती. "एकदा करून दाखवा ना. कोरड्यानं. मी नाही कोणाला सांगायची."

मथुराबाईंची बोटे परातीत थांबली. मग त्यांनी वाटी दूर सारली.

"पाणी ओत," त्या म्हणाल्या. "लुगडं वाळत आलंय."