मशीनला उंबरठा ओलांडता येत नाही

बाबांच्या छातीत पाणी भरायचं. कॅन्सरचं पाणी. ते काढलं की माणूस माणसात यायचा, भाकर मागायचा, टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालायचा. मग पुन्हा भरायचं न् पुन्हा तेच. आडवं होता येत नसे. पलंगासमोर टेबल, टेबलावर उशी, उशीवर कपाळ, असे ते बसूनच रात्र काढत.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. पाणी काढायचा दवाखाना आमच्या खिडकीतून दिसतो, रस्ता ओलांडला की आलाच. लोक म्हणायचे, किती सोयीचं आहे हो तुम्हाला! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तरी धरा म्हणावं खुर्ची आणि उतरा तीन जिने.

पाणी एका जागी नव्हतं, कप्प्याकप्प्यांत अडकलेलं होतं. सुरुवातीला एका डॉक्टरनं घरीच पाठीवर बोटांनी ठोकून, अंदाजानं सुई घातली. पाणी आलंच नाही, रक्त आलं. बाबा फार कळवळले. त्यानंतर समोरच्या डॉक्टरांनी बजावलं, आता सोनोग्राफीवर बघत बघतच सुई घालायची. त्यांची मशीन एवढीशी, जेवणाच्या डब्याइतकी. फासळ्यांवर तिचं चपटं टोक टेकवलं की पडद्यावर काळं पाणी दिसायचं आणि सुई त्यात शिरताना पांढरी रेघ दिसायची. बाबांना कळायचंसुद्धा नाही, इतकं नीट काम.

"डॉक्टरसाहेब, पिशवीत टाका न् या ना वर," मी म्हटलं.

"ताई, गर्भलिंग तपासणीच्या कायद्याखाली ही मशीन या पत्त्यावर नोंदलेली आहे. दाराबाहेर काढली तर मशीन सील, दवाखाना सील आणि मी कोर्टात."

म्हणजे उचलता येते अशी मशीन खाली बसून राहणार, आणि उचलता येत नाही असा माणूस आम्ही उचलायचा. वा रे न्याय! भरती करून टाका म्हटलं, तर बाबा ऐकेनात. "मरीन तं घरीच मरीन," एवढंच.

आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. मग खुर्ची धरायची जावयांनी. मोठे भाऊजी हिंगण्याच्या कंपनीतून पाळी संपवून तसेच मोटारसायकलवर यायचे, दुसरीकडून माझा नवरा. आमच्याकडे जावई आला की त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. आणि इथं दोन जावई सासऱ्याला उचलून घामाघूम. बाबांना दुखण्यापेक्षा त्याची लाज जास्त. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडायची, तिरपी करावी लागायची, तेव्हा ते डोळे मिटून घेत. "राहू द्या जी जावईबुवा, मले इथंच ठेवा."

एकदा त्या वळणावरच त्यांचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. वर नेता येईना, खाली नेता येईना. मोठी बहीण भिंतीला धरून ओरडत होती. कसेबसे पोचलो, पाणी निघालं, वाचले. पण पुढच्या वेळी जिन्यातच जातील हे मला स्पष्ट दिसत होतं. मी डॉक्टरांशी भांडले. अक्षरशः हातवारे करून भांडले. "तुम्हाला वडील नाहीत काय?" असंही बोलून गेले.

त्यांनी उठून केबिनचं दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी दुपारी फोन करा. मी येतो. पण कोणाजवळ बोलू नका."

मी उड्या मारत जिना चढले म्हणा ना. बाबांना सांगितलं.

"कशी आणन थे मशीन?" त्यांनी विचारलं.

"पिशवीत घालून. कोणाला पत्ता लागायचा नाही."

"नको."

"काहून नको?"

"तो कायदा काहून झाला, माहीत हाय ना तुले?"

माझा पारा चढला. "माहीत आहे. पण तुमच्या छातीत पोरगा आहे का पोरगी, हे कोण पाहून राहिलं, बाबा?"

त्यांना हसू आलं, हसताना खोकला आला. मी पाठ चोळली. मग ते एकेका श्वासाला थांबत बोलले. "दोन पोरी झाल्या व्हत्या. तुझ्या वक्ताले माझी माय माह्या मागं लागली, कोणी पाहून सांगणारा हाय काय म्हणून. मशीन तवा इथं नागपुरात. मोठी, जागची न हालणारी. पारशिवनीच्या पुढं आपलं गाव. तिथं कोण आणते?"

"मग?"

"मग तू झाली."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि दारात आली असती तर? कोणी पिशवीत घालून आणली असती तर तुम्ही नाही म्हटलं असतं ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, मी तर वाटच बघत होते. "सांगता येत नाही वं," ते म्हणाले आणि कपाळ उशीवर टेकलं.

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की त्या खोलीत बसवेना आणि उठून कुठं जावं तेही सुचेना. डॉक्टरांना तेव्हाच फोन करून सांगितलं, घरी येऊ नका.

त्यानंतर बाबांना एकदाच खाली नेलं. पुढच्या खेपेला त्यांनी पलंगाची दांडी धरली आणि सोडलीच नाही. जावई खुर्ची घेऊन उभेच राहिले. छातीत घरघर वाढत होती. दुपारी डॉक्टरांचा आपणहून फोन आला, "ताई, येऊ का?"

बाबा माझ्याकडे बघत होते. बोलायला त्यांच्याजवळ श्वास नव्हता. मी हो म्हटलं असतं तरी बाबांना मला अडवता आलं नसतं.

"नको, डॉक्टरसाहेब," मी म्हटलं आणि फोन ठेवून बाबांची पाठ चोळायला बसले.