बावीस सारखे चेहरे

आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरजवळच्या एका सरकारी मराठी शाळेत मी पाचवीला मराठी शिकवत होते. ट्रेनिंगमध्ये एक उपक्रम सांगितला होता. मुलांनी आरशात बघून स्वतःचं चित्र काढायचं आणि खाली स्वतःबद्दल एक वाक्य लिहायचं. ऐकताना मला तो अर्ध्या तासाचा वाटला होता.

पहिल्या दिवशी वर्गातल्या बावीसच्या बावीस जणांनी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि झोपडी काढून दिली. स्वतःला काढा म्हटलं, तर एक जण म्हणाला, "मॅडम, तुमी फळ्यावर काढून दाखवा ना, आमी पाहून काढतो." मी आदिलाबादच्या बाजारातून चार छोटे आरसे आणले. मुलांनी दोन दिवस त्यांत भांग पाडले. माझा आवाज बसला. शिकवायचा धडा तसाच राहिला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र कागदावर काहीतरी उतरू लागलं. एकानं नुसत्या रागीट भुवया काढल्या आणि लिहिलं, 'मले राग आला की मी जेवत नाही.' एक मुलगी वर्गात कधीच बोलत नसे. तिनं चेहरा काढलाच नाही, फक्त दोन हात काढले, नखांसकट. खाली लिहिलं, 'माहे हात आईसारखे हायेत.' मी तिला विचारलं, तोंड काऊन नाही काढलं? ती म्हणाली, "मले दिवसभर हातच दिसतात."

ते कागद मी भिंतीवर लावले. पुढच्या आठवड्यात मंडळाचे, म्हणजे तालुक्याचे, शिक्षण अधिकारी शाळा बघायला येणार होते. हेडमास्तर सर वर्गात आले आणि एकेका चित्रापुढं थांबत गेले.

"मॅडम, हे ठेवता येत नाही. साहेब म्हणतील, मराठी मीडियमच्या पोरायले साधं चित्रही येत नाही."

मी सांगितलं की ही चित्रकलेची परीक्षा नाही. मुलं पहिल्यांदाच स्वतःकडं बघत आहेत. सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. गावातली निम्मी मुलं रोज सकाळी व्हॅनमध्ये बसून इंग्लिश मीडियमला जात होती, आणि शाळा बंद पडू नये म्हणून सर घरोघरी फिरत होते.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले, "पण पट कमी होऊन राह्यला, हे तुमालेही माहीत आहे."

यावर मला बोलता आलं असतं. मी भिंतीवरचे कागद उतरवायला लागले. त्याची स्वतःवरची चीड अजून गेलेली नाही.

वर्गात एका मुलीचा हात चांगला होता. तिला दोन दिवस ऑफिसात बसवून सरांनी सगळ्या वर्गाची चित्रं काढून घेतली. गोल चेहरे, लांब पापण्या, मुलींना दोन वेण्या, मुलांना एका बाजूचा भांग. खाली नाव आणि सरांनी सांगितलेली वाक्यं: मी रोज अभ्यास करतो, मी मोठ्यांचा मान ठेवते. साहेबांनी तेलुगूत 'बागुंदि, बागुंदि', छान आहे, म्हणत फोनवर फोटो काढले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब गेल्यावर मी ती चित्रं काढणाऱ्या मुलीला तिचं स्वतःचं चित्र कोणतं ते विचारलं. ती रांगेवरून नजर फिरवत गेली, परत फिरली, मग वाकून नावं वाचू लागली.

"काऊन, ओळखू नाही येत?"

"सगळे मीच काढले ना, मॅडम."

पुढच्या महिन्यात मी पुन्हा कागद वाटले. तुम्हाला ज्याची भीती वाटते ते काढा, म्हटलं. हात काढणारी ती मुलगी उठली आणि आपला कोरा कागद चांगलं चित्र काढणारीच्या बाकावर ठेवून आली. माझं डोकं फिरलं. "तुझी भीती ती कशी काढील?" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा वर्ग गप्प झाला. ती मान खाली घालून उभी राहिली. तिची चूक नाही हे मला ओरडतानाच कळत होतं, तरी मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना जाऊन सांगितलं की यापुढं माझ्या वर्गातलं एकही चित्र भिंतीवर लागणार नाही. कोणी आलं, तरी नाही. मी भांडणाच्या तयारीनंच गेले होते.

सर हजेरीपट भरत होते. वर न बघता म्हणाले, "बरं. मग चौथीकडून काढून घेतो."

आणि त्यांनी घेतली.