मोटार थांबली तिथं गाव नव्हतं

“उतरा खाली. दोघीबी.”

डायवरनं भर रस्त्यात मोटार उभी केली. दोन्ही अंगाला नुसती कपाशीची पराटी. गावाचं नाव नाही. दिवस कलत आलेला.

मी तेव्हा नुकतीच वयात आले होते. मायचा हात मोडून भोपळ्यासारखा सुजला होता. म्हणून अंजनगावहून अकोल्याच्या दवाखान्यात निघालो होतो. मोटारीत पहिल्यांदाच बसलो. मायनं बजावलं होतं, कोणी जात विचारली तर खोकत राहाय. अकोटपर्यंत कोणी विचारली नाही. तिथं आमच्या गावचा मोठा कास्तकार चढला. त्याच्याच वावरात आम्ही कापूस वेचायचो.

“ह्या तं आमच्या गावच्या म्हारणी! आन् तुमी यायच्यासंगं बसून राहिले?”

तेव्हाच डायवरनं मोटार थांबवून उतरा म्हटलं. माय लगेच उठली. मोडका हात पोटाशी धरून म्हणाली, “चुकलं मायबाप.”

किती सहज म्हणाली! मला त्या माणसापेक्षा त्या शब्दांचीच भीती वाटली. उद्या माझ्याही तोंडून असेच निघतील.

मी बाकाचा गज धरला. “मायचा हात मोडला आहे. मी उतरत नाही.”

डायवरनं मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल उगारलं. मी डोळे मिटले. पायावरून लघवी वाहिली. सांगायला आता लाज वाटत नाही. गज सोडला नाही.

हँडल बाजूच्या पत्र्यावर आदळलं. विटाळ नको म्हणून सगळे खाली उतरले आणि शिव्या देत उभे राहिले. “झिंज्या धरून ओढा तिले,” कास्तकार ओरडत होता. पण ओढायचं तर शिवावं लागणार. पुढं कोणी येईना.

माय रडत होती. “चाल वो बाई, मारून टाकतीन.”

शेवटी एक माळीण तडकली. “माह्या वांग्याचं इथंच भरीत करता काय? चाला!” ती चढली, पदर आवरून दूर बसली. मग बाकीचे चढले. दया कोणालाच आली नव्हती. दिवस बुडायच्या आत बाजार गाठायचा होता.

अकोल्यापर्यंत मी गज धरूनच बसले. माय माझ्याकडं बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिचा हात बांधला. गावी परतलो तर वावरातलं काम बंद. कोणीच बोलवेना. चूल थंड पडली.

“त्या कास्तकाराच्या पाया पडून ये,” माय म्हणाली.

“उपाशी राहीन माय. पाया पडणार नाही.”

शब्द मागं घेतला नाही.