दममास्तरांचं खोटं

पन्नाशी गाठलेले आमचे दममास्तर शाळेच्या फाटकापाशी ‘हुतुतू’ सुरू करत आणि एका दमात मैदानापलीकडच्या विहिरीपाशी पोचत. पोट खाकी पट्ट्यावरून बाहेर डोकावत असे, पण दम म्हणून तुटत नसे. बाजाराला आलेले लोक बैलगाड्या थांबवून बघत. मास्तरांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं.

चाकणच्या आमच्या हायस्कुलात ते कवायत शिकवत आणि हुतुतूचा संघ बांधत. मावळातल्या शेतकऱ्याच्या घरचे, त्यामुळे बोलणं तसंच. “भाकर खाऊन खेळू नगा, खेळून भाकर खावा,” हे रोजचं. एखाद्याचा दम लवकर तुटला तर म्हणत, “काल आयशी भांडलास व्हय? भांडनात सारा दम गेला बघ.” मजा अशी, की बऱ्याचदा ते खरं निघे.

त्यांचा खरा हट्ट वेगळाच. हुतुतूत निसटता स्पर्श झाला, तर तो ज्याला झाला त्यालाच कळतो. मास्तर सांगत, “शिवलं की हात वर. पंचाला दिसंल न दिसंल, तुमच्या कातड्याला तर कळतंय ना?” हात दाबून ठेवणाऱ्याला पुढच्या सामन्यात पाणी वाटायला लावत. त्यामुळे तालुक्यात कुठेही वाद झाला की पंच मास्तरांनाच विचारत, आणि ते सांगतील ते सगळे मानत. त्यापायी आम्ही कितीदा हरलो! आपलाच मास्तर आपल्या मुळावर उठलाय म्हणून आम्ही चरफडायचो, आणि आतून ऐटीतही असायचो.

मग खेडला, खेडच्याच शाळेशी अंतिम लढत आली. जिंकलो तर शाळा पहिल्यांदा पुण्याला जाणार होती. शेवटच्या चढाईला आमच्या बाजूला एकटा बबन उरला, मास्तरांचा मुलगा. तो बाद झाला की आम्ही हरलो. खेडचा पोरगा आला, वाकला, बबनच्या टाचेला त्याची बोटं लागली आणि तो परत रेषेवर पोचला. “शिवलं!” तो ओरडला. पंचाला दिसलं नव्हतं. मी मैदानाबाहेर मास्तरांच्या शेजारीच बसलो होतो. आम्हा दोघांनाही स्वच्छ दिसलं होतं.

“मास्तर, तुम्ही म्हणाल ते,” पंच म्हणाला.

मास्तरांनी बबनकडे पाहिलं. त्याची मान खाली, हातही खाली. एवढ्या दमाचा माणूस, पण आवाज पुटपुटण्याएवढाच निघाला. म्हणाले, “न्हाई शिवलं.”

खेडच्या पोराने वाद घातला नाही. उलट येऊन मास्तरांच्या पाया पडला. “चुकलं मास्तर, मला वाटलं शिवलं,” म्हणाला. स्वतःच्या बोटांपेक्षा त्याने मास्तरांच्या शब्दावर विश्वास ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांचं काय झालं असेल!

कांद्याच्या ट्रकमधून गुलाल उधळत आम्ही परतलो. वेशीवर बायका ओवाळायला उभ्या होत्या. मास्तर पोट दुखतंय म्हणून मागच्या वाटेने घरी गेले. त्यांनी बबनला एक चापटही मारली नाही. मारली असती तर दोघांनाही बरं वाटलं असतं.

पुढे बरीच वर्षं त्यांनी संघ बांधले, पण ‘हात वर’ हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकू आले नाहीत. एकदा सरावात एका नव्या पोराने आपणहून हात वर केला. आम्ही शाबासकीची वाट बघत होतो. मास्तर पाठ फिरवून विहिरीकडे चालू लागले.

त्यांच्या निरोप समारंभाला गाव लोटलं होतं. पाहुण्यांनी त्यांना सत्यवचनी म्हटलं तेव्हा मास्तर उठले. “त्या साली खेडला शिवलं व्हतं. मी बघितलं व्हतं. मी खोटं बोललो.”

 मग पाहुणे हसून म्हणाले, “बघा! विजयाचं श्रेयसुद्धा घेत नाहीत!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर दोन्ही हातांनी थांबवत होते, लोक आणखीच वाजवत होते.

मांडवाबाहेर मी त्यांची शाल सावरली, तेव्हा म्हणाले, “आज सुटंन वाटलं व्हतं रं. लोक सोडत न्हाईत.”