अर्धं पाऊल मागं

निमगाव सावाच्या बहिरूची घोडी जन्मात कधी कुणाच्या मागं राहिली नाही, आणि घराच्या त्याच खोडीनं त्याच्या पोरीचं सोन्याचं पदक घालवलं.

पोरगी म्हणजे आशा. सात वर्षांची असताना डोळ्यांच्या पडद्याचा आजार जडला आणि बाराव्या वर्षी उरलासुरला उजेडही गेला. तोवर ती मेंढरांमागं अनवाणी धावत होती. मेंढरं सुटली, धावणं तेवढं राहिलं. पुण्याच्या अंधशाळेत मंगल मॅडमनी तिला शंभर मीटरच्या ट्रॅकवर उभं केलं. या शर्यतीत धावणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधतात, म्हणजे कुणाला चिमूटभर उजेडाचाही फायदा नको. सोबत एक डोळस गाईड. दोघांच्या हातात एकाच दोरीची टोकं, आणि पावलाला पाऊल जुळवून पळायचं. आशाचा गाईड तिचा थोरला भाऊ, मच्छिंद्र.

मच्छिंद्र मूळचा घोडीवाला. बैलगाड्याच्या शर्यतीत घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाड्यापुढं घोडी पळते, हे आपल्याकडं तान्ह्या पोरालाही माहीत असतं. घोडीच्या ओढीनं बैल सरळ सुटतात. बहिरूच्या घरची घोडी आधी मेंढरांच्या कळपासोबत संसार वाहायची. बहिरूनं तिला घाटात आणली आणि मच्छिंद्र चौदाव्या वर्षी तिच्या पाठीवर बसला. निशाण पडलं की मागं वळायचं नाही, रेषा दिसली की छाती पुढं टाकायची, एवढीच शिकवण. गाडा जिंकला की बहिरू स्वतःच्या हातानं घोडीला गुळाचा खडा चारायचा.

मग शर्यतींवर बंदी आली. घोडी दावणीला बसली, मच्छिंद्र ओट्यावर. त्याच रिकामपणात बहिणीनं त्याच्या हातात दोरी दिली. पुढं बंदी उठली, घाटांची बोलावणी यायला लागली, पण हा पठ्ठ्या गेला नाही. आठ वर्षं दोघं एका दोरीत पळाली.

गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेची फायनल. आशा सगळ्यांच्या पुढं निघाली, लोक ओरडले, आणि पंचांनी तिला बाद केलं. नियम असा की रेषा आधी धावपटूनं ओलांडायची, गाईडनं मागून. मच्छिंद्रची छाती वीतभर पुढं गेली होती. आशाला हे पंचांच्या आधी कळलं होतं, कारण शेवटच्या चार पावलांत तिच्या हातातली दोरी पुढं ताणली गेली होती.

मच्छिंद्र मैदानाच्या कडेला डोकं धरून बसला. "रेषा दिसली आन् पाय ऐकंनात गं. इतकी वर्सं असं झालं न्हवतं."

"इतकी वर्सं मागं कुणी नसायचं, दादा. आज मागं पावलं वाजली आन् तुझी घोडी उधळली."

ती हसून बोलली खरी, पण वसतिगृहावर गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडली.

तीन महिन्यांनी परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. पहिली येईल तीच जाणार. मंगल मॅडमनी कळंबचा स्वराज आणला. कॉलेजचा धावपटू, पाय हलके, नियम पाठ. "आशा, आता भावनेत अडकू नकोस," मॅडम म्हणाल्या. मच्छिंद्रनंही स्वतःहून दोरी स्वराजच्या हातात दिली.

स्वराजमध्ये खोट काढायला जागा नव्हती. तरी घड्याळ सांगत होतं की त्याच्यासोबत आशा हळू पळते. अंधारात सगळा जीव लावून पाय टाकायचा तर पुढं काही आडवं नाही ही खात्री लागते, आणि ती खात्री तिला जगात एकाच माणसाची होती. चौथ्या दिवशी तिनं स्वराजची माफी मागितली आणि गाव गाठलं. दोरी पुन्हा दादाच्याच हातात द्यायची, फक्त रेषेवर त्याला मागं ठेवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"घोडी मागं ठेवायची? आन् गाडा पळायचा कसा?" बहिरूला हे खूळच वाटलं.

पडीक रानात शंभर मीटर मोजून दोघांनी चुन्याची रेषा मारली. दोरी आखूड करून झाली, मच्छिंद्रला शपथा घालून झाल्या. तरी चारांत एकदा तो पुढं जायचाच. शेवटी आशा मटकन खाली बसली.

"दादा, शेवटाला तू बघतोस कुठं?"

"रेषेकडं. आनखी कुठं बघू?"

"तिथंच मुरतंय पाणी. चाळीस पावलांनंतर तू माझ्या खांद्याकडं बघायचं. रेषा मी बघते."

"तू?"

"माझी त्रेपन्न पावलं भरतात. पन्नासावं पडलं की मी 'आली' म्हणीन. तवर तू मान वर करायची न्हाई."

 आठ वर्षं तिनं मच्छिंद्रच्या डोळ्यांवर भरवसा टाकला होता. आता त्याची पाळी होती, आणि खरं सांगायचं तर तो लई भ्याला होता.

चाचणीच्या दिवशी बंदूक वाजली. आशा मोजत होती. वीस. तीस. उजव्या हाताला दुसरी जोडी आली, त्यांचे बूट जवळ जवळ येत गेले. मोजणी चुकली तर सगळंच संपलं, हे तिला ठाऊक होतं. चाळीस. मच्छिंद्रचा श्वास तिच्या कानाकडं वळला, म्हणजे भाऊ तिच्याकडं बघत होता. दोरी सैल होती. शेजारचे बूट अगदी बरोबरीला आले, आणि दोरी सैलच राहिली.

"आली!"

तिनं छाती टाकली. दहा-बारा पावलं पुढं जाऊन दोघं थांबली, तरी मच्छिंद्रनं मान वर केली नव्हती.

"गेली का गं रेषा?"

"कवाच गेली, दादा."

स्पीकरवर निकाल लागला. पहिली आशा, आणि बाद कुणीच नाही. मंगल मॅडमनी दोघांना एकदमच कवेत घेतलं. मच्छिंद्र लहान पोरासारखा रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

आशानं घरी फोन लावला. बहिरूनं पहिली आली का, असं विचारलंच नाही.

"घोडी कुठं व्हती?"

"मागं, आबा. अर्धं पाऊल."

 पलीकडं म्हातारा खाकरला.

"त्याला म्हणावं, लवकर घरी ये. गूळ काढून ठेवलाय."