मास्तरीणबाईचं माप

टेलरला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून त्याची बायको मास्तरीण. उभ्या जन्मात तिनं कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं, पण चिकटलेलं नाव थोडंच सुटतं! एकतीस वर्षं ती दुकानातल्या मागच्या बाकावर बसून काजं करत होती, बटणं लावत होती, तुरपाई करत होती. गिऱ्हाईक आलं की मापाची वही मांडीवर घ्यायची. मास्तर टेप लावून आकडा सांगायचे, ती तोच मोठ्यानं म्हणायची आणि मग लिहायची. "छाती बेचाळीस." "बेचाळीस." नवराबायकोचं दिवसभराचं निम्मं बोलणं असं आकड्यांतच व्हायचं.

मापाच्या बाबतीत मास्तर भलतेच कडक. शेजारचा ढेरपोट्या किराणावाला गयावया करायचा, "मास्तर, कंबर दोन इंच कमी सांगा हो, बायको बाहेर उभी आहे." मास्तर मुद्दाम रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा आकडा ठणकावायचे. माप म्हणजे माप, त्यात कुणाची भीड नाही.

अशा माणसापासून अंगातलं दुखणं लपवणं ही काय चेष्टा आहे? मास्तरीण सहा महिने तेच करत होती.

पोटात गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढं ठेवून सांगितलं होतं, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, पुढच्या खेपेला घरच्यांना घेऊन या. घरचं माणूस एकच, मास्तर. मूलबाळ झालंच नव्हतं. ती हो म्हणाली आणि एकटीच परत आली. जेवणात मन लागेना, अंग उतरायला लागलं. मास्तर दुपारी जरा आडवे झाले की ती आपला ड्रेस उलटा करायची आणि दोन्ही बाजूंनी एकेक इंच आत घ्यायची. हातानंच, कारण मशीनचा आवाज झाला असता. तिचा हिशोब साधा होता. मास्तरांचा डोळा जायचा तो झोळावर आणि चुणीवर. अंगाला नीट बसलेल्या कपड्याकडं ते दुसऱ्यांदा बघायचेच नाहीत.

तिला एवढंच हवं होतं, की मास्तरांना कळायच्या आत तीन दिवस त्यांच्याबरोबर कुठंतरी जावं. आजारी बाई म्हणून नाही, नुसती बायको म्हणून. परतीच्या बसमध्ये सांगून टाकायचं, हेही तिनं ठरवलं होतं.

"मला समुद्र बघायचाय," ती म्हणाली.

"आत्ता? ऐन हंगामात?"

"एकतीस वर्षांत काही मागितलंय का मी?"

मास्तरांनी दुकानावर तीन दिवस बंदची पाटी लावली.

समुद्र म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर वाळू होती. नशिबी आला नुसता खडक. काळा, धारदार, पाय ठेवायला जागा नाही असा. खाली उतरायच्या पायऱ्यांना साखळी लावलेली, कठडा गंजलेला, आभाळ दिवसभर मळकट. लॉजच्या खोलीच्या खिडकीची कडी लागत नव्हती, म्हणून मास्तरांनी फटीत कागदाची घडी कोंबली. काचेवर मिठाचा थर होता आणि उशीला ओल होती. त्यांनी सवयीनं टेप आणि दोरा ओवलेली सुईही आणली होती.

"समुद्राचं माप घ्यायचंय का?" तिनं विचारलं. मास्तर हसले. पहिला दिवस तेवढ्यावर गोड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कठड्याजवळ उभी होती. खालून एक लाट खडकावर आपटली आणि मास्तरीण नखशिखांत भिजली. मास्तर पोट धरधरून हसले, तीही हसली, आणि हसताना पोटात अशी कळ आली की तिनं कठडा गच्च धरला. "थंडी वाजतेय," ती म्हणाली. खोलीवर येऊन तिनं कपडे बदलले, भिजलेला निळा ड्रेस पिळून बाल्कनीतल्या दोरीवर टाकला, डॉक्टरीणबाईंची गोळी पित्ताची म्हणून घेतली आणि पडली.

ड्रेस तिनं उलटा वाळत घातला होता. रंग उडू नये म्हणून कपडा उलटा वाळवायचा, हे मास्तरांनीच तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ऊन औषधालासुद्धा नव्हतं, तरी हातांनी आपलं नेहमीचं काम केलं. सहा महिने जपलेली गोष्ट तिनं स्वतःच्या हातानं दोरीवर टांगली.

ती उठली तेव्हा दुपार कलली होती. मास्तर खिडकीशी बसले होते. मांडीवर तो ड्रेस होता.

"शिलाई तुझी आहे," ते म्हणाले. "आधी पांढरा दोरा, मग राखाडी, मग काळा. तीनदा आत घेतलाय."

तिला आधी स्वतःचा संताप आला. मग एकदम इतकं हलकं वाटलं की रडूच फुटलं. रडत रडतच तिनं सगळं सांगितलं. गाठ सांगितली, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं.

मास्तर ड्रेसची शिवण अंगठ्यानं चाचपत राहिले. "गळ्यात टेप घालून हिंडतो मी," शेवटी ते म्हणाले. "सगळ्या गावाची अंगं मला पाठ. आणि घरातलं माणूस..."

"मला तीन दिवस हवे होते हो," ती म्हणाली. "अजून उद्याचा आहे."

"आहे ना. उद्याही इथंच राहू." त्यांनी बाहीनं नाक पुसलं, ड्रेस पुन्हा बघितला आणि आवाजात दुकानातला करडेपणा आणला. "नुसत्या बाजू घेतल्यास. खांदा तसाच ठेवलास, तो उतरणार. अशी शिलाई माझ्या दुकानातून बाहेर जात नाही. ऊठ, उभी राहा."

ती उभी राहिली. मास्तरांनी टेप काढला. खांदा बघितला, मग टेप तिच्या पाठीमागून फिरवून छातीवर आणला. त्यांची बोटं थांबली. समुद्र खाली आपटत होता आणि फटीतला कागद फडफडत होता.

"किती?" तिनं सवयीनं विचारलं.

मास्तरांनी टेप पुन्हा सरळ केला.

"सांगा ना. लिहायचं असतं."

"छत्तीस," मास्तर म्हणाले. लग्नात होतं ते माप, गेल्या वर्षीपर्यंतचं.

तिनं खाली बघितलं. त्यांचा अंगठा टेपवर तिसाच्या आकड्यावर होता.

"छत्तीस," ती मोठ्यानं म्हणाली.